पाठमोरा माणूस

सोमवार, ३ फेब्रुवारी

मी दिग्दर्शक झाले! चिठ्ठीत नाव निघालं म्हणून झाले, पण ते प्रत्येकाला सांगत बसायची गरज नाही.

वर्षअखेरीच्या प्रकल्पात आमच्या गटाच्या वाट्याला म्युझिक व्हिडिओ आलाय. गटात आम्ही तिघं. कॅमेऱ्यावर जिराफ, कारण कॅमेरा त्याच्या मालकीचा आहे. (जिराफ का म्हणतात ते तो दारातून वाकून आत आला की कळतं.) गाणं घशाचं. घसा म्हणजे आमच्या वर्गातली गायिका. बारा महिने गळ्याला स्कार्फ, आणि थंड पाण्याकडे अशी बघते जणू त्यानेच तिचं वाटोळं केलंय. गाणं तिनेच लिहिलंय, चालही तिचीच, आणि जळफळाट बाजूला ठेवून सांगते, गाणं चांगलं आहे. चाल उडती, शब्द मात्र उदास:

चालता चालता विसरून गेले, निघाले होते कुठे,
पाऊल म्हणते 'थांब जरा', अन् रस्ता पुढे पुढे.

आता याला दाखवायचं काय? मी कल्पनांचा ढीग घेऊन मॅडमकडे गेले. वाळत घातलेल्या चादरींमधून धावणारी मुलगी. आरशासमोर रडणारी मुलगी. रिकाम्या रस्त्यावर छत्री फिरवणारी मुलगी. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "हे सगळं मी पाहिलंय. तुझ्या जन्माआधी पाहिलंय. तू काय पाहिलंस ते आण."

मी काय पाहिलंय? कॉलेज, घर आणि बाबांचं सलून. संपलं.

जेवताना घरी सांगितलं, की माझं नाव निघालं कारण चिठ्ठी काढताना मॅडमचे डोळे मिटलेले होते. आई हसली. बाबांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. हल्ली त्यांचा चेहरा इस्त्री करून ठेवल्यासारखा असतो. बोलतातही इतकं खालच्या आवाजात की "काय?" म्हणून विचारावं लागतं, आणि मग ते "काही नाही" म्हणतात. मी हे सिनेमाचं शिक्षण घेतेय ते त्यांना पसंत नाही, हे मला माहीत होतं. पण इतकं?


गुरुवार, ६ फेब्रुवारी

कल्पना सुचली आणि मेली, दोन्ही आजच.

बाबांच्या सलूनमध्ये शूटिंग! समोरासमोर आरसे, त्यामुळे खुर्चीत बसलेला एक माणूस आरशात रांग लावून बसलेला दिसतो. पायाने दाबून वर जाणाऱ्या खुर्च्या. पांढरं कापड झटकताना उडणारे केस. मी लहानपणी त्या खुर्चीवर फळी टाकून बसत असे. इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं आणि सुचलं नाही! धावतच दुकानात गेले.

"बाबा, एक दिवस दुकान द्याल?"

"नाही."

"ऐका तरी. सुट्टीच्या दिवशी—"

"नाही म्हटलं ना."

गिऱ्हाइकासमोर. मला आठवतं तेव्हापासून बाबा मला सरळ 'नाही' म्हणालेले नाहीत. 'बघू' म्हणतात, आणि बघूचं पुढे हो होतं. शेजारच्या खुर्चीवरचा मामा (आईचा धाकटा भाऊ, ती खुर्ची कायम त्याचीच) वस्तऱ्यात ब्लेड घालत होता, तो जमिनीकडे बघायला लागला. जमिनीवर केस सोडून काही नव्हतं.

आणखी एक पाहिलं. बाबा आता मशीनच चालवतात. केस झाले की त्यांचं गिऱ्हाईक उठतं आणि दाढीसाठी मामाच्या खुर्चीत जाऊन बसतं. मालकाला काम नको झालं, की मेहुण्याच्या गळ्यात!

निघताना म्हटलं, निदान माझ्या केसांची टोकं तरी घ्या. आजवर माझ्या केसांना बाबांशिवाय दुसऱ्या कुणाची कात्री लागलेली नाही. तर म्हणाले, "कॉलेजातल्या मुली जातात तिकडे जा. मला नव्या पद्धतीचं जमत नाही." टोकं कापायला कसली डोंबलाची नवी पद्धत?

इतका राग आहे माझ्यावर, तर तोंडाने सांगावा.


रविवार, ९ फेब्रुवारी

घरात काहीतरी शिजतंय. खरं म्हणजे करपतंय.

सकाळी मी उठले ती वासाने. स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन, आटून, भांड्याच्या बुडाला काळं झालेलं, घरभर धूर, आणि बाबा शेगडीपासून हातभर अंतरावर बसून शांतपणे पेपर वाचतायत! मी ओरडले तेव्हा त्यांनी मान वर केली. म्हणाले, "दूध ठेवलं होतं का?"

दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर आईने घर डोक्यावर घेतलं असतं. आज नुसतं भांडं उचललं, पाण्यात ठेवलं, आणि जाता जाता बाबांच्या खांद्यावरून हात फिरवला. भांडण झालेल्या नवरा-बायकोंसारखं वागत नाहीत, मग बिनसलंय काय?

उलट! मगाशी त्यांच्या खोलीत शिरले तर आई बाबांच्या शर्टाची बटणं लावत होती. वरपासून खालपर्यंत, एकेक. बाबा लहान मुलासारखे हनुवटी वर करून उभे. मी "सॉरी" म्हणून उलट्या पावली बाहेर. या वयात! जिराफला सांगितलं तर खो खो हसला.

व्हिडिओचं अजून काही नाही. मॅडम रोज भुवई उचलून विचारतात.


बुधवार, १२ फेब्रुवारी

सापडलं! सापडलं! सापडलं!

दुपारी मी आणि जिराफ कॉलेजच्या गच्चीवर होतो. जिराफने कुणाकडून तरी लांबचं दिसणारी मोठी लेन्स मागून आणली होती आणि कावळ्यांवर प्रयोग चालले होते. रस्त्यापलीकडे सायकलच्या दुकानावर एक हॉल आहे, तिथे कुणीतरी खिडक्या उघडल्या. जिराफने लेन्स तिकडे वळवली आणि म्हणाला, "ए, हे काय आहे?"

हॉलमध्ये वयस्कर माणसं. काही खुर्चीवर बसलेली, काही उभी. जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्यांच्या आडव्या रेघा, शिडीसारख्या. एक बाई, त्यांची शिक्षिका असावी, टाळ्या वाजवत मोजत होती. ऐकू काही येत नव्हतं, पण तोंडावरून कळत होतं: एक, दोन, एक, दोन. आणि ती माणसं त्या रेघांवरून चालत होती. चालत होती म्हणजे कशी? एकाचा पाय उचलतच नव्हता. अंग पुढे झुकलेलं, पाय तिथेच. तपकिरी स्वेटर घातलेला, आमच्याकडे पाठ केलेला माणूस. बाई त्याच्यासमोर आली, टाळी दिली, आणि कुणीतरी कळ दाबल्यासारखा तो निघाला! पुढची रेघ, त्याच्या पुढची, अगदी डौलात. मग सगळ्यांनी एकदम हात वर केले. एका बाईचा हात झाडाच्या पानासारखा थरथरत होता, पण वर गेला.

पाऊल म्हणते थांब जरा! आमचं गाणं समोर चाललं होतं. कसलं तरी नाटक बसवत असणार, किंवा कसलासा व्यायाम. काय का असेना. मी जिराफला म्हटलं, "घे, सगळं घे," आणि त्यांनी खिडक्या लावेपर्यंत त्याने घेतलं.

घरी आले ती नाचतच. जेवताना राहवेना. उठून करूनच दाखवलं: पाय ओढत, मान ताठ, हात लटपट लटपट. "किल्ली संपलेल्या बाहुल्या असतात ना, तश्श्या!" म्हटलं. मला वाटलं, निदान आज बाबा हसतील.

आईच्या हातातला डाव ताटावर पडला. ती माझ्याकडे अशी बघत होती की मी मधेच थांबले. बाबा उठले, हात धुवायला निघाले आणि दाराच्या उंबऱ्याशी पाठ करून बराच वेळ उभे राहिले. रागाने. मग गेले.

माझ्या आनंदाला या घरात जागाच नाही.


गुरुवार, १३ फेब्रुवारी

ते बाबा आहेत.


शनिवार, १५ फेब्रुवारी

आज लिहायचा प्रयत्न करते.

गुरुवारी आम्ही ते सगळं कॉलेजातल्या मोठ्या पडद्यावर लावलं. जिराफ, घसा, मी. तपकिरी स्वेटरवाला रेघेपाशी अडकतो, बाई टाळी देते, तो निघतो, भिंतीपर्यंत जातो आणि वळतो. मी स्वेटर आधी ओळखला. कोपरावर आईने लावलेलं ठिगळ. मग चेहरा.

जिराफ म्हणाला, "या माणसाकडे बघ. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. मोठमोठ्या नटांना जमणार नाही."

मी "हो" म्हटलं. घशाने विचारलं, बरं वाटत नाहीये का. मी म्हटलं, डोकं दुखतंय. जिन्यात येऊन बसले तेव्हा आठवलं, की आदल्याच दिवशी मी त्यांच्यासमोर उभं राहून त्यांचीच नक्कल केली होती. त्यांच्या ताटासमोर. हात लटपट लटपट करून.

काल दिवसभर घरात कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. आज बाबा जेवायला घरी आले तशी दुकानात गेले आणि मामाला बाहेरच्या बाकावर बसवलं.

"मामा, बाबांना काय झालंय?"

तो हातातला नॅपकिन घड्या घालून मोडत बसला. मग म्हणाला, "आधी वास गेला. लोशन हातावर घ्यायचे आणि मलाच विचारायचे, हे तेच ना रे? मग एकदा एकाचा कान लागला. थेंबभर रक्त, तो माणूस काही बोललासुद्धा नाही. पण दाजींनी त्या दिवसापासून वस्तऱ्याला हात लावलेला नाही."

"म्हणजे काय आहे?"

"कंपवात. डॉक्टर पार्किन्सन म्हणतात. तुझ्या आईनेच नेलं त्यांना. तो व्यायामाचा वर्गही तिनेच शोधला. गाण्यावर पाय सुटतात म्हणे."

"बरं होतं?"

"वाढ हळू करता येते." मामाने माझ्याकडे पाहिलं नाही. "बरं नाही होत."

"मला का नाही सांगितलं कुणी?"

"तुझी परीक्षा होऊ दे म्हणाले. आणि बाहेर कळायला नको होतं. अगं, लोकांच्या गालावर वस्तरा फिरवणारा माणूस. हात थरथरला की लोकांना आजार नाही दिसत, बाटली दिसते."

मी केवढी हुशार! दूध, बटणं, मामाची खुर्ची, उंबरा. सगळं इथे माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. मागची पानं वाचली आणि वाटलं, ही कोण मुलगी आहे, हिला कुणी दिग्दर्शक केलं?


सोमवार, १७ फेब्रुवारी

मी कॉलेजात पोहोचायच्या आत जिराफने मॅडमना ते चित्रण दाखवून टाकलं होतं.

मॅडम खुर्चीवरून उठल्या होत्या. "हे मी पाहिलेलं नाही," म्हणाल्या. "कुणाला सुचलं?" जिराफने माझ्याकडे बोट केलं. मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

मला अभिमान वाटला. खोटं कशाला लिहू? क्षणभर का होईना, छाती फुगली. तेवढ्यात पडद्यावर बाबा वळले.

मॅडमनी विचारलं, "यांची परवानगी घेतलीय ना?" जिराफ म्हणाला, "हो." इतक्या सहज की मलाही खरं वाटलं.

बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, हे वापरायचं नाही. तो म्हणाला, का? मी म्हटलं, नाही म्हणजे नाही. "तू तर म्हणालीस घे, सगळं घे." "आता नको म्हणतेय." "कारण सांग." कारण जिभेपर्यंत आलं आणि मी ते गिळलं. बाबांचं गुपित मी चोरलं होतं, निदान ते लोकांत वाटायला तरी नको होतं. जिराफ दाराला डोकं आपटून घेत निघून गेला. वाकायचं विसरला इतका चिडला होता.


गुरुवार, २० फेब्रुवारी

 

जिराफने त्या चित्रणातला एक तुकडा त्याच्या ऑनलाइन पानावर टाकला. घशाचं गाणं लावून. लोकांची उत्सुकता वाढावी म्हणून, म्हणाला. तुकडा कुठला? बाबा अडकतात, सुटतात आणि वळतात, तो.

मी दुपारी पाहिला. खाली लोकांनी लिहिलेलं: भारी. गाणं कुणाचं? हे काय, भुतांचा क्लास? आणि मग: काका सकाळी सकाळीच टाकून आलेत वाटतं! त्याखाली हसणारे चेहरे. त्याखाली कुणीतरी: अरे, हे आमच्या गल्लीतले सलूनवाले! त्याखाली: तरीच म्हटलं हल्ली दाढी मेहुणा का करतो.

मी जिराफला कँटीनमध्ये गाठलं. सगळ्यांसमोर ओरडले. "ते माझे बाबा आहेत! पीत नाहीत ते! आजारी आहेत!"

जिराफच्या हातातला चमचा तसाच राहिला. एवढा उंच मुलगा, पण इतका लहान झालेला मी कधी पाहिला नव्हता. त्याने तिथेच फोन काढून तो तुकडा काढून टाकला. बोटं चुकत होती त्याची. घशाने स्कार्फ तोंडावर दाबून धरला होता. ती एवढंच म्हणाली, "माझं गाणं लावून?"

काढून टाकला. पण ज्यांनी पाहिला त्यांच्या डोळ्यांतून कसा काढणार?


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

संध्याकाळी बाबा दुकानातून लवकर आले. मामा सोबत. आईने विचारलं काय झालं, तर मामाच म्हणाला, "नेहमीची गिऱ्हाइकं आहेत ना, ती दारातूनच परत गेली. आणि एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, तुझे दाजी कधीपासून घ्यायला लागले."

मी सांगून टाकलं. गच्ची, लेन्स, जिराफ, सगळं. आईने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

बाबा म्हणाले, "दाखव."

"बाबा, नको ना."

"दाखव."

जिराफकडून घेतलेलं सगळं माझ्या लॅपटॉपवर होतं. लावलं. बाबा जवळ सरकून बसले. संपलं तसं म्हणाले, "पुन्हा लाव." पुन्हा लावलं. ते वळतात तिथे त्यांनी बोट दाखवून थांबवायला सांगितलं.

"मी असा दिसतो?"

"अहो, पुरे आता," आई म्हणाली.

"थांब गं. आरशांनी भरलेलं दुकान आहे माझं. सगळ्यांना त्यांची पाठ दाखवत आलो. 'मागून बघा, ठीक आहे ना?' माझी मी पहिल्यांदा नीट बघतोय."

मग माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता. आता जे काय व्हायचं ते होईल.

"त्या दिवशी जेवताना नक्कल केलीस."

"बाबा, मला खरंच माहीत नव्हतं—"

"माहीत नव्हतं, म्हणून चुकली. तू पाय ओढत होतीस. मी पाय ओढत नाही. पाय चिकटतो. वरचा माणूस निघालेला असतो, खालचा निघालेला नसतो. ऊठ. करून दाखव."

मला वाटलं चेष्टा करतायत. चेहऱ्यावरून काही कळायची सोय नाही. पण त्यांनी मला उभंच केलं. खोलीच्या मधोमध. "पुढे झुक. अजून. आता जायचंय, पण जाता येत नाही. मागे कुणीतरी उभं आहे, त्याला घाई आहे, तो बघतोय. आता?" मी केलं. "नाही. हात इतका हलवायचा नाही. तो आपण हलवत नाही. तो थांबवत असतो आपण." पुन्हा केलं. माझ्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"रडू नकोस," बाबा म्हणाले. "रडताना तुझे खांदे हलतात. माझे हलत नाहीत."

मामा बाहेर निघून गेला. आई भिंतीकडे तोंड करून उभी. मी ते तसंच करत राहिले, ते "हं, आता बरोबर" म्हणेपर्यंत. आणि जेव्हा बरोबर आलं तेव्हा काय असतं ते कळलं. भीती असते ती. माझे बाबा रोज स्वयंपाकघरातून बाहेर यायला घाबरतात.


मंगळवार, २५ फेब्रुवारी

परवा सकाळी एक गिऱ्हाईक दारातूनच म्हणालं, "आज जरा घाई आहे." मामा सांगत होता, की बाबा खुर्चीमागून पुढे आले आणि म्हणाले, "मी पीत नाही. आजार आहे. केस मी मशीनने कापीन, दाढी मेहुणा करेल. बसायचं तर बसा." तो बसला नाही. त्याच्या मागचा बसला. नंतरचे दोघं गेले. एक म्हातारे आले, बसले आणि त्यांच्या भावाच्या आजाराचं इतकं सांगत राहिले की कापायला मान स्थिर ठेवेनात. असं चाललंय. दुकान राहील की नाही, कुणी बोलत नाही.

आणि आज सकाळी बाबांनी विचारलं, "तुझ्या त्या गाण्याचं काय झालं?"

मी म्हटलं, दुसरं काहीतरी करतोय. चादरींमधून धावणारी मुलगी.

"कशाला धावतेय ती?"

"माहीत नाही."

"मग नको करू." "आमचंच कर. पण समोरून. पाठीमागून काढलंस म्हणून चोरी वाटली. दारू वाटली. समोर उभी राहून काढ. आणि आमच्यातल्या प्रत्येकाला विचारून काढ."

आई ताडकन उठली. "अजून तमाशा करायचाय का माणसाचा? झाला तेवढा पुरे नाही झाला?"

"तमाशा झालाय तो झालाय," बाबा म्हणाले. "आता निदान माझ्या तोंडासमोर होऊ दे."

"आणि उद्या कुणी त्यालाही हसलं तर?"

आई जेवली नाही. ती चुकीची आहे असं मला वाटत नाही. बाबा चुकीचे आहेत असंही वाटत नाही. चुकलेली मी एकटीच होते, आणि काम मलाच मिळतंय.

दुपारी हॉलवर गेले होते. त्या शिक्षिकेने, सगळे तिला ताई म्हणतात, आधी मला उभ्या उभ्या झाडलं. खिडकीतून लपून माणसं टिपणं याला काय म्हणतात ते सांगितलं. मी मान खाली घालून ऐकलं. मग तिने सगळ्यांना गोल बसवलं आणि म्हणाली, सांग यांना. मी सांगितलं. एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्यांचाच हात पानासारखा थरथरतो. त्या म्हणाल्या, "मी येईन, पण माझ्या डाव्या बाजूने काढायचं. उजवी बाजू मला तरुणपणीसुद्धा शोभत नव्हती." एक आजोबा नाही म्हणाले. त्यांच्या मुलांना अजून माहीत नाही. मी म्हटलं, तुम्ही नसाल त्या दिवशी येऊ. त्यांनी माझा हात दाबला. नाही म्हणताना त्यांना किती कष्ट पडले!

मॅडमना परवानगीचं खरं सांगितलं. म्हणाल्या, "गुण कापीन. पण कर."


रविवार, २ मार्च

आजचं आजच लिहून ठेवते. उद्यापर्यंत मी स्वतःला सांभाळून घेईन आणि मग खरं लिहिणार नाही.

सकाळी हॉलमध्ये सगळे आले. मुख्याध्यापिका ओठ रंगवून. जिराफ येताच सरळ बाबांसमोर जाऊन उभा राहिला, तर बाबा त्याला म्हणाले, "केस वाढलेत रे तुझे. कॅमेऱ्यात अडकतील." घशाने स्कार्फ सोडून बाजूला ठेवला. तिने आधी ठरवलं होतं की फोनवर गाणं लावायचं, पण आज म्हणाली, मी इथेच गाते. आई येणार नव्हती. आली. दाराशी खुर्ची घेऊन बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून, जणू कधीही उठून जाईल.

घसा गायला लागली आणि ताई टाळ्यांनी मोजायला लागली, एक, दोन, एक, दोन. कॅमेरा समोर. मी कॅमेऱ्याच्या शेजारी. आणि ती माणसं आमच्याकडे बघत, आमच्याकडे चालत आली. लपायला जागा नव्हती, त्यांना नाही आणि मलाही नाही. हात वर गेले तेव्हा जिराफ पुटपुटला, "अरे देवा." मी त्याला कोपर मारलं.

शेवटच्या कडव्याला सगळ्यांनी खिडकीकडून दारापर्यंत यायचं होतं. बाबा मधोमध. पाऊल म्हणते थांब जरा, आणि बाबा थांबले. एका रेघेपाशी. ठरलेलं नव्हतं. पाय चिकटला. बाकीचे दोन्ही बाजूंनी पुढे निघून गेले आणि मधे बाबा एकटे उरले, पुढे झुकलेले, मागून खिडकीचा उजेड. गाणं संपलं.

मला पहिलं काय वाटलं ते लिहिते. मला वाटलं, वा!

मी 'कट' म्हटलं नाही. ताई टाळी द्यायला पुढे निघाली, तिला मी हाताने थांबवलं. माझ्या बापाला सोडवायला निघालेल्या बाईला मी थांबवलं, कारण शॉट चांगला होता. एक श्वास, दुसरा, तिसरा. आई उठून उभी राहिली. पर्स खाली पडल्याचा आवाज झाला. तेव्हा मला कळलं मी काय करतेय. आणि तरी तोंडातून शब्द निघेना. माझाही पाय चिकटला होता.

बाबा माझ्याकडेच बघत होते. कॅमेऱ्याकडे नाही, माझ्याकडे. त्यांना सगळं दिसलं होतं. त्यांचा आवाज आता किती बारीक झालाय, पण हॉलमध्ये इतकी शांतता होती की प्रत्येक शब्द पोहोचला.

"मिळालं का तुला हवं ते?"

चेहऱ्यावर काहीच नव्हतं. राग होता की चेष्टा होती, की साधा प्रश्न होता, मला अजून कळलेलं नाही.

"मिळालं," मी म्हटलं. खोटं कसं बोलू?

"नक्की?"

"हो."

"मग ये आता इकडे. हात दे."

मी कॅमेऱ्यासमोरून चालत गेले. जिराफने कॅमेरा बंद केला नव्हता, ते मला माहीत होतं, आणि मी त्याला बंद कर म्हटलं नाही. बाबांनी माझा हात नाही, मनगट धरलं. घट्ट, कात्री धरतात तसं.

"माझ्याकडे नको बघू, दाराकडे बघ," ते म्हणाले. "आणि मोज."

दारात आई उभी होती. मी तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "एक."